चौदा नंबरच्या शेजारी

मिमीताईंना हे नाव रेडिओबाईंनी दिलं आणि ते असं चिकटलं की पगाराच्या यादीत त्यांचं खरं नाव वाचून नवे डॉक्टर 'या कोण?' म्हणून विचारायचे. सोनोग्राफी विभागात दोघींच्या खुर्च्या बावीस वर्षं एकमेकींना लागून होत्या. रेडिओबाई म्हणजे तोंडाला कुलूप नसलेली बाई. पेशंटच्या पोटावर प्रोब टेकला की त्यांच्या जावेची गोष्ट सुरू व्हायची. मिमीताई नेमक्या उलट. मूत्रपिंडातला खडा चार मिलिमीटरचा की साडेचारचा, यासाठी त्या दहा-दहा मिनिटं पडद्यात डोळे घालून बसायच्या. "पेशंट म्हातारा होईल, पण तुझी मिमी काही संपायची नाही," असं रेडिओबाई एकदा वैतागून बोलल्या, आणि तेव्हापासून सगळ्या इस्पितळाच्या त्या मिमीताई झाल्या.

त्यांचे यजमान शिलाई मशीन दुरुस्त करायचे. बाजारात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, इतकं चिंचोळं की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला उभं राहावं लागे. लोक त्यांना मशीनवाले म्हणत. माणूस गरीब स्वभावाचा, दुपारी चारला चहासाठी घरी येणारा आणि साडेचारला परत जाणारा. घरात तिसरं माणूस म्हणजे त्यांची आई. मूलबाळ नव्हतं. सासूसुनांचं जमायचं, अगदी गळ्यात गळे नव्हते, पण कुरबुरही नव्हती.

कोविडच्या साथीत आधी ताप आला तो मिमीताईंना. त्या इस्पितळातून घरी आल्या, आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसल्या, आणि चौथ्या दिवशी बाहेरच्या खोलीत मशीनवाले खोकायला लागले. मिमीताईंचा ताप उतरला, मशीनवाल्यांचा चढला. सासूबाई ऐंशीच्या घरातल्या, पण त्यांना साधी शिंकही आली नाही, याला काय म्हणावं. गाडी येऊन मशीनवाल्यांना घेऊन गेली ती मिमीताईंच्याच इस्पितळात. तिसरा मजला, चौदा नंबरचा बेड. ज्या इमारतीत बावीस वर्षं उठबस केली तिथे नवरा झोपलेला, आणि मिमीताई घरात कोंडलेल्या. बाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती.

चार दिवस फोन येत राहिला. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "अगं, बोलताना दम लागतो. उद्या करतो." उद्याचा फोन आला नाही. परवाचाही नाही. अकराव्या दिवशी सकाळी वॉर्डातून कुणीतरी बोललं, "तुमचे पेशंट गेले." किती वाजता, असं मिमीताईंनी विचारलं. "कागद बघून सांगतो," असं उत्तर आलं आणि फोन बंद झाला. तो परत कधी आला नाही.

मधल्या पाच दिवसांचं काय झालं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मिमीताई कामावर रुजू झाल्या त्याच दिवशी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेल्या. वॉर्ड बंद होऊन गेला होता. तिथल्या नर्सेस तात्पुरत्या भरलेल्या, त्या जिकडेतिकडे पांगल्या होत्या. काही महिन्यांनी तिथे लहान मुलांचा विभाग आला. चौदा नंबरचा बेड होता त्या भिंतीवर आता फुगे घेतलेला हत्ती रंगवला होता. मिमीताई त्या हत्तीसमोर उभ्या राहिल्या तेव्हा एका नर्सनं विचारलं, "कुणाला शोधताय?" त्या जिना उतरून खाली आल्या.

घरी आणखी एक गोष्ट होत होती, जी त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सुट्टीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास बाहेरच्या खोलीतून खोकला यायचा. मोठा नाही. बोलण्याआधी माणूस घसा साफ करतो तसा, दोनदा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मिमीताई हातातलं भांडं तसंच धरून बाहेर आल्या. खुर्चीत फक्त सासूबाई होत्या, दाराकडे बघत. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मिमीताई भांडं घेऊन परत आत गेल्या. मिमीताईंनी स्वतःची समजूत घातली की शेजारी कुणी खोकलं असेल, नळात हवा अडकली असेल. पण बाई मोजमापाची. दर वेळी दोनदा, आणि दुसरा खोकला पहिल्यापेक्षा थोडा लहान, हे त्यांना मोजल्यासारखं माहीत झालं होतं.

वर्ष उलटलं. हृदयाच्या डॉक्टरांनी एक अभ्यास हाती घेतला. कोविडमधून उठलेल्या लोकांच्या रक्तवाहिन्या आता कशा आहेत हे सोनोग्राफीनं तपासायचं. "आजार फुप्फुसाचा वाटतो," ते विभागात येऊन म्हणाले, "पण तो रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला डसतो. अस्तर दुखावलं की वाहिनी ताठरते, वेळेला रुंद होत नाही. हा फरक केसाएवढा असतो. मला असा हात हवा जो हलत नाही."

रेडिओबाई म्हणाल्या, "मग मला कशाला बोलावलंत?" सगळे हसले आणि काम मिमीताईंकडे आलं.

मिमीताईंनी हो म्हटलं ते मात्र हाताच्या कौतुकामुळे नाही. यादीत पेशंट कुठल्या वॉर्डात, किती दिवस, हा रकाना होता. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून जिवंत बाहेर पडलेली माणसं एकेक करून त्यांच्याच खोलीत येणार होती.

तपासणी दिसायला सोपी होती. पेशंटनं उपाशी यायचं, चहा नाही, सिगारेट नाही. अंधाऱ्या, गार खोलीत दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं, म्हणजे शरीर शांत होतं. मग कोपराच्या वर जेल लावून प्रोब टेकवायचा, आणि पडद्यावर वाहिनी दिसू लागते, दोन पांढऱ्या रेघा आणि मध्ये काळा ओढा. तिची रुंदी मोजायची. मग मनगटाकडच्या भागात पट्टा बांधून तो फुगवायचा आणि हाताचं रक्त पाच मिनिटं अडवून धरायचं. हात बधिर होतो, मुंग्या येतात. पाच मिनिटांनी पट्टा एकदम सोडायचा. रक्त पूर आल्यासारखं धावतं, आणि यंत्रातून त्याचा आवाज येतो, फस्स, फस्स, फस्स. धडधाकट माणसाची वाहिनी त्या लोंढ्याला वाट द्यायला शंभराला सहा-सात भाग रुंदावते. दुखावलेली तेवढी रुंदावत नाही. शेवटी मानेतली वाहिनी बघायची, तिची भिंत किती जाड झाली ते मोजायचं, आणि संपलं.

यात एकच अट कडक होती. पेशंटशी बोलायचं नाही. माणूस घाबरला, चिडला, रडवेला झाला की वाहिनी आखडते आणि आकडा खोटा येतो. मिमीताईंना हे डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं.

तरी त्या बोलल्या. बाकीच्या वॉर्डातल्या लोकांपुढे त्यांच्या तोंडून अक्षर निघालं नाही. पण रकान्यात 'तिसरा मजला' दिसलं की अंधारात दहा मिनिटं सरता सरता त्या हळूच विचारायच्या, "कुठला बेड होता तुमचा? शेजारी कोण होतं आठवतं?"

एक निवृत्त शाळामास्तरीण म्हणाल्या, "मला फक्त छत आठवतं. एकशे बारा चौकोन होते." एका नळदुरुस्तीवाल्यानं मान फिरवली आणि त्याचा हात बर्फासारखा गार पडला. एक बाई नुसती रडत राहिली, आवाज न करता, आणि मिमीताईंनी तिच्याही हाताचा पट्टा फुगवला, मोजलं, आकडा लिहिला. दीड. वाहिनी जवळजवळ हललीच नव्हती. असे दहा जण झाले. चौदा नंबरचं कुणाला काही माहीत नव्हतं.

अकरावा माणूस पोहायला शिकवणारा. साठीचा, खांदे दारात मावणार नाहीत असे, पण दोन जिने चढून आला तर खोलीत आल्यावर आधी बोलता येईना. शहरातल्या तलावावर त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. पलंगावर आडवं होत म्हणाले, "ताई, चाळीस वर्षं पाण्यात काढली. आता आंघोळीच्या बादलीला सुद्धा भितो." मिमीताई कसंनुसं हसल्या. दिवा मालवला. दहा मिनिटं झाली. प्रोब टेकवला, वाहिनी छान सापडली, जाड, सरळ.

"कुठला बेड होता?" त्यांनी विचारलं.

"पंधरा."

बावीस वर्षांत पहिल्यांदा मिमीताईंच्या हातून प्रोब घसरला. पडदा काळा झाला.

"चौदावर शिलाई मशीनवाले होते," त्या म्हणाल्या. "माझे यजमान."

 अंधारात मास्तरांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग ते भरभर बोलू लागले, कुणी पाठ करून घेतल्यासारखं. हो, आठवतात ना. फार सज्जन माणूस. त्रास काही झाला नाही त्यांना. झोपेतच गेले, शांत. आणि शेवटी तुमचं नाव घेतलं, ताई. दोनदा घेतलं.

मिमीताईंनी प्रोब परत टेकवला, पट्टा फुगवला. पाच मिनिटं त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात स्थिर होता. पट्टा सोडला. फस्स, फस्स. वाहिनी रुंदावली तर नाहीच, उलट आक्रसली. चार पूर्णांक एकवीसची चार पूर्णांक अठरा. असं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. आकडा त्यांनी लिहून टाकला.

त्या संध्याकाळी त्या लवकर घरी गेल्या आणि चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, "आई, कळलं. त्यांच्या शेजारच्या बेडवरचा माणूस भेटला. झोपेतच गेले ते. त्रास झाला नाही. माझं नाव घेतलं म्हणे शेवटी."

सासूबाई जुन्या साडीचे काठ उसवत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुझं नाव?" त्या म्हणाल्या. "त्याला ते येत होतं का?"

मिमीताईंनी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. सव्वीस वर्षं संसार झाला. 'अगं', 'ऐकलंस का', 'जरा बघतेस का', एवढ्यावर माणसानं निभावून नेलं होतं. नाव घेऊन त्यांनी एकदाही हाक मारली नव्हती. हे मिमीताईंना तपासणीच्या खोलीत कसं आठवलं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

"खोटं बोलला असेल बिचारा," सासूबाई म्हणाल्या. "तुझं मन राखायला." थोडा वेळ त्या टाके उसवत राहिल्या. मग खाली मान घालूनच म्हणाल्या, "तुलाही ऐकू येतो ना?"

काय, हे मिमीताईंनी विचारलं नाही. "येतो," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं मीच म्हातारचळले."

"मला वाटलं तुम्हाला सांगितलं तर तुम्ही घाबराल."

"माझ्या पोरालाच मी घाबरेन होय?" सासूबाई म्हणाल्या, पण त्यांनी दाराकडे पाहिलं, आणि मिमीताईंनी दिवा लावला.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी मिमीताईंना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर आकड्यांचे कागद पसरलेले होते आणि ते खुशीत होते. बाकीच्या वॉर्डातल्या लोकांच्या वाहिन्या सरासरी चार भाग रुंदावत होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या अकरा जणांच्या मात्र दीडच्या आसपास. आजाराची तीव्रता सारखी, वय सारखं, औषधं तीच.

"त्या वॉर्डात काहीतरी घडलंय," डॉक्टर म्हणाले. "ऑक्सिजन पुरेशा दाबानं पोचला नसेल, किंवा नर्सिंगमध्ये हयगय. मी हे लेखात लिहिणार आहे आणि वरही कळवणार. चौकशी लागेल. तेव्हाच्या नर्सेसना शोधून काढून बोलवावं लागेल."

मिमीताई खुर्चीत बसून राहिल्या. ज्या दाराशी त्या वर्षभर डोकं आपटत होत्या ते आता आपसूक उघडणार होतं. नर्सेस सापडणार, कागद बाहेर निघणार, चौदा नंबरवर पाच दिवस काय झालं ते कुणाला तरी बोलावं लागणार. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"बरं वाटत नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर, त्या वॉर्डात काही घडलं असेल नसेल, मला माहीत नाही. पण हे आकडे वॉर्डाचे नाहीत. माझे आहेत."

डॉक्टरांना कळलं नाही. मग मिमीताईंनी सगळं सांगितलं. किती जणांना विचारलं, काय विचारलं, कोण रडलं, कुणाचा हात गार पडला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"किती जण?"

"अकराही जण."

"चुकून?"

"नाही. ठरवून."

डॉक्टर उठून खिडकीशी गेले.  आवाज चढवणारा माणूस नव्हता तो, आणि त्यामुळे मिमीताईंना जास्त लागलं. "बावीस वर्षांत बाकी सगळ्यांचा आकडा मी दुसऱ्यांदा तपासायला सांगितला, पण तुमचा कधी नाही," ते म्हणाले. "अभ्यासातून तुम्ही बाहेर. लेखी खुलासा द्या. आणि या अकरा जणांना परत बोलवायचं. फोन तुम्ही करायचे, कशासाठी ते खरं सांगून. तपासणी दुसरं कुणी करील."

दुसरं कुणी म्हणजे रेडिओबाई. त्यांना कळलं तेव्हा त्या जन्मात पहिल्यांदा गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "माझ्या तोंडाला पट्टी लावून घेते. पण अगं, मला तरी सांगायचंस."

फोन करणं सर्वांत अवघड गेलं. मिमीताईंनी दोन दिवस घेतले. मी तपासताना तुम्हाला नको ते विचारलं, तुमची तपासणी माझ्यामुळे चुकली, परत यायला लागेल, माफ करा. शाळामास्तरीण म्हणाल्या, "येते की. यावेळी छत वेगळं रंगवा." रडणाऱ्या बाईच्या नवऱ्यानं फोन घेतला आणि परत या नंबरवर करू नका, असं सांगितलं. त्या दिवसापासून ती घरातसुद्धा दिवा मालवू देत नाही, असंही तो म्हणाला. मिमीताईंनी ते वाक्य आपल्या खुलाशात जसंच्या तसं लिहिलं.

बाकीचे दहा आले. रेडिओबाईंनी शब्द न काढता दहाही जणांना तपासलं. प्रत्येक तपासणीनंतर बाहेर येऊन त्या दोन मिनिटं सलग बोलत आणि परत आत जात. आकडे इतर वॉर्डांसारखेच आले, चारच्या आगेमागे. तिसऱ्या मजल्यावर वेगळं काही नव्हतं. चौकशीचा विषय तिथेच मिटला.

मास्तर शेवटच्या दिवशी आले. तपासणी झाली आणि ते बाहेर लिफ्टजवळच्या बाकावर बसले. मिमीताई त्यांच्या सहीचा कागद घेऊन आल्या. मास्तरांनी सही केली, पण कागद सोडला नाही.

"ताई, मी तुमच्याशी खोटं बोललो."

"माहीत आहे."

"कसं?"

"त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही."

मास्तरांनी मान हलवली. बाजूला जागा होती तिथे मिमीताई बसल्या.

"त्यांच्या दहाव्या दिवशी दुपारची गोष्ट," मास्तर म्हणाले. "दोन दिवस ते बोलतच होते. मशीनबद्दल. दोरा का तुटतो, बॉबिनचा ताण किती ठेवायचा, तेल कुठे घालायचं. कुणाशी बोलत होते देव जाणे. मास्क खाली ओढायचे आणि बोलायचे. नर्स यायची, मास्क वर करायची, हात जोडायची, काका, नका हो. ती गेली की परत खाली. मला तीन दिवस झोप नव्हती. मला वाटायला लागलं की हा माणूस बोलतोय तो माझा श्वास खर्चून बोलतोय." ते थांबले. "मी ओरडलो त्यांच्यावर."

"काय म्हणालात?"

"जाऊ द्या ना, ताई."

"जसं म्हणालात तसं सांगा."

मास्तर आपल्या पंज्यांकडे बघत म्हणाले, "म्हटलं, मरायचं असेल तर गप मरा. दुसऱ्याला कशाला बरोबर नेताय."

लिफ्ट आली, उघडली, आत कुणी नव्हतं, बंद झाली.

"त्यावर ते काय म्हणाले?"

"बरं."

"काय?"

"'बरं' म्हणाले. एवढंच. आणि स्वतःच्या हातानं मास्क वर घेतला. मी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ते एक अक्षर बोलले नाहीत. सकाळी मी वळून पाहिलं तर चादर बदललेली होती." त्यांना दम लागला. "चाळीस वर्षांत बुडणारी किती माणसं वर काढली, ताई, मोजली नाहीत. आणि एकाला मी असं म्हटलं. आता डोळा लागला की शेजारी बोलणं सुरू होतं. दोरा तुटतो तो सुईमुळे नाही, ताणामुळे. रोज."

हे खरं होतं, याबद्दल मिमीताईंना तिळमात्र शंका उरली नाही. गिऱ्हाईक अंगावर आलं, आई तापली, बायकोनं फटकारलं, की मशीनवाले 'बरं' म्हणायचे आणि हातातलं काम करत राहायचे. त्या 'बरं'ला राग नसायचा, रुसवा नसायचा. अगदी तोच शब्द त्यांना आता बाकावर शेजारी कुणी बोलल्यासारखा ऐकू आला.

"नर्स कशी होती?" त्यांनी विचारलं.

"चांगली होती पोर. सत्तर माणसं आणि नर्स दोघीच. बाथरूममध्ये जाऊन रडायची."

मिमीताईंनी पदराला बोटं पुसली. "मी तुम्हाला माफ केलं असं म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "मला अजून काही कळत नाहीये."

"नका म्हणू. मी त्यासाठी सांगितलं नाही."

मास्तरांच्या दंडावर जेल तसंच राहिलं होतं. मिमीताईंनी एप्रनच्या खिशातला कागदी रुमाल काढून दिला आणि त्या आत निघून गेल्या.

सासूबाईंना त्यांनी त्या रविवारी सांगितलं. काही गाळलं नाही, ते वाक्यसुद्धा. सासूबाई ऐकत होत्या. खोकला चारला आला, दोनदा, आणि दोघी तो संपेपर्यंत थांबल्या.

"मी पण म्हणायचे त्याला," सासूबाई म्हणाल्या. "सात-आठ वर्षांचा असेल. प्रश्न विचारून विचारून डोकं उठवायचा. स्वयंपाकाच्या घाईत मी म्हणायचे, गप मर रे एकदाचा."

"मग?"

"बरं म्हणायचा. आणि दारात जाऊन बसायचा." त्यांनी डोळे मिटले. "त्या माणसाला घरी आण."

"आई, कशाला?"

"आण म्हणते ना."

पुढच्या आठवड्यात मास्तर आले. दारात बिचकत उभे राहिले, एवढा मोठा माणूस, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. सासूबाईंनी त्यांना समोरच्या खुर्चीत बसवलं. ते हात जोडून काही बोलू लागले तर म्हणाल्या, "ते मला सुनेनं सांगितलं. ते नको. तो दोन दिवस काय बोलत होता ते सांग. तुला आठवतं म्हणालास."

"आठवतं," मास्तर म्हणाले. "ते जाईल तर ना."

"मग सांग. सगळं सांग."

मास्तरांनी मिमीताईंकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मग मास्तर बोलू लागले. मशीन उघडायची तर आधी पट्टा उतरवायचा. शटल काढून फुंकर मारायची, कापसाचे तंतू अडकलेले असतात. तेल एक थेंब, दोन नाही. दुसरा थेंब कापडावर उतरतो. गिऱ्हाईक म्हणतं सुई बदला, पण आधी ताण बघा. वरचा दोरा आणि खालचा दोरा, दोघांनी सारखं ओढलं पाहिजे. मास्तर थांबत थांबत बोलत होते, मध्येच दम घेत होते. शब्द मशीनवाल्यांचे होते, चालही त्यांचीच होती. वाक्य संपवताना 'एवढं केलं की झालं' असं ते म्हणायचे, तेही मास्तर म्हणाले. मिमीताई आत जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. बाहेर नवरा बोलत होता, आणि बाहेर जाऊन पाहायचं धाडस त्यांना होईना.

मास्तर त्यानंतर दर महिन्याला येऊ लागले. अभ्यासाच्या शेवटी सगळ्यांना पुन्हा एकदा तपासलं तेव्हा त्यांचा आकडा साडेपाच आला होता. रेडिओबाईंनी तो त्यांना जिन्यातच ओरडून सांगितला. ते तलावावर परत जाऊ लागले, उथळ भागात, लहान मुलांना शिकवायला. डॉक्टरांचा लेख छापून आला. त्यात एका ओळीत लिहिलं होतं की अकरा व्यक्तींची पहिली मोजणी सदोष असल्यानं रद्द केली आणि त्यांपैकी दहा जणांची पुन्हा केली. मिमीताईंनी ती ओळ वाचली आणि कागद घडी घालून ठेवला. सोनोग्राफीच्या रोजच्या कामात त्या परतल्या होत्या. डॉक्टर आता त्यांचे आकडे दुसऱ्यांदा तपासून घेत, आणि त्यांना त्यात गैर वाटत नव्हतं. रडणाऱ्या बाईच्या घरी त्यांनी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

पाचव्या खेपेला मास्तर बोलता बोलता थांबले. "आजी, संपलं," ते म्हणाले. "यापुढे ते बोललेच नाहीत. माझ्याकडे आता काही उरलं नाही."

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"मग पहिल्यापासून सांग," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पाण्याचा घोट घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मशीन उघडायची तर आधी शटल काढायचं.

"आधी पट्टा," सासूबाई म्हणाल्या.

"हो. आधी पट्टा उतरवायचा," मास्तर म्हणाले, आणि पुढे सांगू लागले.